ग्रंथपालास मत असू नये काय?

अंधेरी पूर्वेच्या एका बौद्ध वस्तीतील वाचनालयाच्या कार्यकारी मंडळापुढे एक ठराव आला आहे. वाचनालयाच्या ग्रंथपालास कामावरून दूर करावे, असा तो ठराव आहे. ग्रंथपालाने वर्गणीच्या पैशाची अफरातफर केली, पुस्तके रद्दीत घातली किंवा आयाबहिणींशी उद्धट वर्तन केले, असा एकही आरोप त्यात नाही. आरोप आहेत ते निराळेच. विहाराला लागून असलेल्या वाचनालयात त्याने जुन्या धर्माचे ग्रंथ ठेवले. आपल्या पुढाऱ्यांवर टीका करणारी पुस्तके मागविली. आणि निवडणुकीच्या दिवसांत चहाच्या टपरीवर उभे राहून वस्तीतील पुढाऱ्यांविरुद्ध स्वतःचे राजकीय मत बोलून दाखविले. ठराव वस्तीच्या फळ्यावर लावलेला आहे, तेव्हा त्यात गुप्त काही नाही. मी त्या मंडळाचा वकील नाही आणि ग्रंथपालाचाही नाही. मंडळाचे नाव येथे देण्याचे कारण नाही, कारण अशी मंडळे मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत पुष्कळ आहेत आणि असे ठराव त्यांच्या मनात वरचेवर येत असतात.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी ज्यांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांच्यासाठी मी हे विशेषतः लिहीत आहे. नव्या घरात कोणते सामान न्यावे आणि कोणते जुन्या घरात टाकून यावे, हा प्रश्न प्रत्येक नवदीक्षित कुटुंबापुढे असतो. देव्हारा गेला, तसबिरी गेल्या. त्याबरोबर पुस्तकेही जावीत काय? आणि पुस्तके सांभाळणाऱ्या माणसाचे तोंडही बंद व्हावे काय?

प्रथम त्या ग्रंथपालाची मते सांगतो, कारण ठरावात ती विपर्यस्त करून दिलेली आहेत. त्यांचे म्हणणे असे की, कपाटापुढे आपणास मत नाही. वाचक जे मागेल ते शोधून देणे हे आपले काम आहे. त्याने ते का मागितले हे विचारणे आपले काम नव्हे. परंतु वाचनालयाला कुलूप घालून टपरीपर्यंत चालत गेल्यावर आपण इतर नागरिकांसारखेच एक नागरिक आहोत. तेथे नगरसेवकाने पाण्याच्या नळाचे काय केले, अमक्या पक्षाशी युती करून आपल्या पुढाऱ्याने वस्तीला काय मिळवून दिले, ह्यावर बोलण्याचा आपणास अधिकार आहे. त्यांची आणखी काही मते आहेत आणि ती अगदी रोजच्या जीवनातील आहेत. एमआयडीसीत रात्रपाळी करून येणाऱ्या कामगारास वर्तमानपत्र मिळावे म्हणून वाचनालय सकाळी सहाला उघडावे. स्त्रियांना दुपारचे दोन तास राखून ठेवावेत. स्पर्धापरीक्षेच्या मुलांनी सर्व बाके अडवून वाचनालयाची नुसती अभ्यासिका करून टाकू नये. आणि शेवटचे मत असे की, एप्रिल महिन्यात जयंतीचा ध्वनिक्षेपक वाचनालयाच्या खिडकीवर बांधू नये, कारण तो परीक्षांचा हंगाम असतो.

माझा असा तर्क आहे की, ठरावाचे खरे बीज ह्या शेवटच्या मतात आहे. बाकीचे आरोप मागाहून गोळा केलेले दिसतात. तथापि ते केले आहेत, तेव्हा त्यांचा विचार केला पाहिजे.

जुन्या धर्माच्या ग्रंथांचे घ्या. मंडळाचे चिटणीस विचारतात, “आपण ब्रह्मा-विष्णू-महेश सोडले, मग त्यांच्या पोथ्या विहाराच्या भिंतीला भिंत लावून कशाला?” प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर बावीस प्रतिज्ञांतच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या प्रतिज्ञा दिल्या, त्या एकेक करून वाचाव्यात. देव मानणार नाही, उपासना करणार नाही, श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, असे त्यांत आहे. अमुक ग्रंथ वाचणार नाही किंवा दुसऱ्यास वाचू देणार नाही, अशी प्रतिज्ञा त्या बावीसांत एकही नाही. हे सहज राहून गेले असे कोणी म्हणू नये. ज्या पुरुषाने दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधले ते प्रामुख्याने आपली पुस्तके राहावीत म्हणून, त्याच्या हातून पुस्तकाविषयीची गोष्ट विसरली जाणे शक्य नव्हते. वेद, स्मृती, पुराणे ह्यांचा अभ्यास केल्यावाचून शूद्र पूर्वी कोण होते ह्याचा शोध त्यांना १९४६ साली मांडता आला असता काय? अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा १९४८ चा ग्रंथ लिहिता आला असता काय?

ह्यावर एक चलाख आक्षेप येतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली ना? मग तीच मनुस्मृती कपाटात कशी? हा आक्षेप मी न्यायालयाबाहेर अनेकदा ऐकला आहे व तो घेणाऱ्यांनी महाडचा अर्थच ओळखला नाही असे माझे स्पष्ट मत आहे. महाडला जी जळाली ती एक प्रत होती. हजारो वर्षे ज्या ग्रंथाच्या नावाने माणसास पाणी नाकारले, त्याचा अधिकार आम्ही मानीत नाही, हे भर सभेत सांगण्याची ती एक रीत होती. सांगणाऱ्यांना त्यात काय लिहिले आहे ते ठाऊक होते. तो ग्रंथ कोणी वाचू नये अशी मागणी महाडच्या परिषदेने केली नाही, आणि त्यानंतरही बाबासाहेब आपल्या लेखनात त्याचे अध्याय व श्लोक दाखवीतच राहिले. आपल्या मालकीची प्रत जाळणे हे एक मत व्यक्त करणे आहे. दुसऱ्याच्या हातातील प्रत हिसकावणे हे त्याचे मत दडपणे आहे. आज वस्तीतील एखाद्या मुलीने विचारले की महाडला नेमके काय जाळले, तर तिला ते दाखविण्यासाठी कपाटात एक प्रत नको काय?

बुद्धाचे म्हणणेही हेच आहे. केसपुत्त निगमातील कालामांनी त्यास विचारले की, एक श्रमण येऊन एक सांगतो, दुसरा येऊन त्याची निंदा करतो, आम्ही कोणाचे खरे मानावे? तथागताने त्यांना परक्या श्रमणांस गावबंदी करा असे सांगितले नाही. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या, असे सांगितले. पारखायचे तर दोन्ही माल पुढ्यात असावे लागतात.

आता दुसऱ्या आरोपाकडे वळतो. तो अधिक नाजूक आहे. आपल्या पुढाऱ्यांवर, आपल्या चळवळीवर, प्रसंगी खुद्द बाबासाहेबांवर टीका करणारे पुस्तक आपल्याच वाचनालयात असावे काय?

ह्या बाबतीत आपला इतिहास काय आहे ते आधी पाहू. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांस अध्यक्ष म्हणून बोलाविले, भाषण आधी मागवून घेतले, आणि त्यातील काही भाग गाळावा असा आग्रह धरला. त्यांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. परिषद रद्द झाली. ते भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापले. पंधराशे प्रतींची ती पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली. बाबासाहेब गेल्यानंतर एकतीस वर्षांनी, १९८७ साली, ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हे त्यांचे अप्रकाशित लिखाण महाराष्ट्र शासनाने समग्र वाङ्मयाच्या चौथ्या खंडात छापले. रामकृष्णांवरील प्रकरणावरून गदारोळ उठला, खंडाच्या प्रती जाळल्या गेल्या, ते प्रकरण वगळण्याची भाषा सुरू झाली. १९८८ च्या आरंभी मुंबईच्या रस्त्यांवर लाखो आंबेडकरी माणसे उतरली. प्रकरण राहिले, शासन ह्या मतांशी सहमत असेलच असे नाही, अशी टीप तेवढी खाली आली. तो लढा आपण कोणत्या तत्त्वावर जिंकला? ज्यास ते पटत नाही त्याने ते खोडून काढावे, पण छापूच नये असे म्हणू नये, ह्याच तत्त्वावर ना? की ते तत्त्व केवळ आपले पुस्तक दुसऱ्यास बोचते तेवढ्यापुरते होते?

बाबासाहेबांच्या वकिलीकडेही पाहावे. १९२५ साली दिनकरराव जवळकरांनी ‘देशाचे दुश्मन’ नावाची जहाल पुस्तिका लिहिली. टिळक-चिपळूणकरांवरील त्या टीकेसाठी जवळकर, केशवराव जेधे प्रभृतींना शिक्षा झाली. अपिलात १९२६ साली बाबासाहेब उभे राहिले आणि ते सुटले. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा र. धों. कर्व्यांच्या बाजूने पुन्हा तेच उभे होते. तो खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. कर्वे आपल्या चळवळीतले नव्हते, त्यांचा विषय ऐकताच सभ्य माणसे कानांवर हात ठेवीत. त्या काळी बाबासाहेबांना हजार कामे असताना त्यांनी हे वकीलपत्र घेतले. मी स्वतः वकिलीच्या धंद्यात असल्यामुळे ह्या हरलेल्या खटल्याविषयी मला जिंकलेल्या खटल्यांपेक्षा अधिक आदर वाटतो.

आणि आपण काय केले? अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर ह्यांचे १९४९ चे एक व्यंगचित्र होते. राज्यघटना म्हणजे एक गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब बसलेले आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. घटना फार सावकाश होते आहे, असा त्याचा रोख होता. ११ मे २०१२ रोजी त्यावरून संसदेत गोंधळ झाला आणि चित्र काढून टाकण्याची घोषणा झाली. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव ह्यांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. मोडतोड करणारे आपले नाव घेणारे होते. हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण लिहिले पाहिजे. चित्र आवडो वा न आवडो. मला स्वतःला ते आवडत नाही, चाबकाखालच्या पिढ्यांतून आलेल्या माणसाला ते सहज कसे आवडेल? परंतु त्या आक्षेपाला बाबासाहेबांनी स्वतः काय उत्तर दिले होते? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत ते उभे राहिले व हिशेब मांडला. समितीचे काम २ वर्षे, ११ महिने व १७ दिवस चालले. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांतील २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. अमेरिकेस किती वेळ लागला, कॅनडास किती, ऑस्ट्रेलियास तर नऊ वर्षे लागली, हेही त्यांनी सांगितले. गोगलगायीचे उत्तर अंकगणिताने दिले गेले. त्याच भाषणात त्यांनी बजावले होते की, राजकारणात भक्ती ही अधःपाताची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट आहे. आपण त्यांचे चित्र सांभाळण्यासाठी त्यांचाच हा इशारा तुडविला.

कोणी म्हणेल, वकीलसाहेब, तुम्हास आमची जखम कळत नाही. घाटकोपर विसरलात काय? विसरलो नाही. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्यास चपलांचा हार घातलेला सकाळी दिसला, आणि निषेधासाठी जमलेल्या जमावावर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा माणसे मेली. पूर्व उपनगरातून जाताना तो महामार्ग लागला की आजही मन स्थिर राहत नाही. अपमान हा आपल्या बाबतीत कल्पनेचा खेळ नाही, हे मी पूर्णपणे मान्य करतो. म्हणूनच कायद्याने तो ओळखला आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यात २०१५ साली झालेली दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. अनुसूचित जातिजमातींना अत्यंत आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा शब्दाने वा अन्य प्रकारे अनादर करणे आणि त्यांना पवित्र असलेल्या वस्तूची विटंबना करणे, हे त्याअन्वये गुन्हे झाले. नवदीक्षितांनी हेही ध्यानात ठेवावे की, १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या माणसासही अनुसूचित जातीचे संरक्षण लाभलेले आहे. परंतु तो कायदा बाहेरच्या माणसाच्या अत्याचाराविरुद्ध आहे. आपल्यातल्या माणसाने आपल्यातल्या पुढाऱ्यावर टीका केली तर त्यास तो लागू होत नाही, आणि जेथे लागू होतो तेथेही निर्णय न्यायालयाने द्यायचा असतो, टोळक्याने नव्हे. पुतळ्यास चपला घालणे आणि ग्रंथात चार मुद्दे मांडून मतभेद दाखविणे ह्या दोन गोष्टींतला फरक ज्यास कळत नाही, तो घाटकोपरच्या मृतांचाही मान राखीत नाही.

ग्रंथालयावर हात टाकणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला. १९१७ साली स्थापन झालेली ही संस्था. तिचा दोष एवढाच की, शिवाजी महाराजांवरील जेम्स लेन ह्यांच्या पुस्तकात तेथील विद्वानांचे आभार मानलेले होते. कपाटे फोडली, हस्तलिखिते जमिनीवर विखुरली. पुढे शासनाने पुस्तकावर बंदी घातली. त्या बंदीविरुद्ध उच्च न्यायालयात जाणाऱ्या अर्जदारांत पहिले नाव संघराज दामोदर रूपवते ह्यांचे होते. चित्रपटकार आनंद पटवर्धन त्यांच्यासोबत होते. उच्च न्यायालयाने २००७ साली बंदी रद्द केली आणि ९ जुलै २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. पुस्तकातील मते बरोबर आहेत असे न्यायालयाने म्हटले नाही, अर्जदारांनीही म्हटले नाही. कोणत्या समाजगटांत त्यामुळे वैर पेटेल हे शासनास धड सांगता आले नाही, आणि शब्दांचा परिणाम हा समंजस, खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने मोजायचा असतो, हळव्या व डळमळीत मनाच्या मापाने नव्हे, असे तत्त्व त्यामागे आहे. हे माप मूळचे नागपूरचे. तेथील उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस ह्यांनी ते घालून दिले होते. आंबेडकरी घराण्यातील माणसाने पहिल्या क्रमांकाने सही केलेला हा खटला आपल्या वस्त्यांत किती जणांना ठाऊक आहे?

मंडळातील एका वृद्ध सभासदाचे म्हणणे मात्र मी गंभीरपणे घेतो. ते रागाने बोलत नाहीत, भयाने बोलतात. “उद्या पोलीस आले आणि म्हणाले हे पुस्तक येथे कसे, तर आमच्या पोरांच्या नोकऱ्या जातील,” असे ते म्हणतात. हे भय अंधेरीत अगदीच निराधार नाही. २८ ऑगस्ट २०१८ रोजी पुणे पोलिसांनी अंधेरीतील व्हर्नन गोन्साल्विस ह्यांच्या घराची झडती घेतली व त्यांना अटक केली. घरातून पुस्तके, पत्रके नेली. बरोबर एक वर्षाने उच्च न्यायालयात जामिनाच्या सुनावणीत जंगलमहालातील युद्ध व शांतता ह्या विषयावरील एका पुस्तकाचा उल्लेख झाला, तो वर्तमानपत्रांनी टॉलस्टॉयच्या कादंबरीचा समजून छापला, आणि दुसऱ्या दिवशी न्यायमूर्तींना खुलासा करावा लागला. लोक त्या घोटाळ्यावर हसले. पण तुरुंगातला माणूस तुरुंगातच होता. जवळजवळ पाच वर्षांनी, २८ जुलै २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना व अरुण फरेरा ह्यांना जामीन दिला. साहित्य नुसते जवळ बाळगणे, मग त्यातून हिंसेचा प्रचार होत असला तरी, एवढ्यावरून दहशतवादी कृत्याचा गुन्हा होत नाही, असे त्या निर्णयात स्पष्ट आहे. खटल्यातील इतर प्रश्नांवर मी येथे बोलत नाही. कवी व संपादक सुधीर ढवळे ह्यांना २०११ साली वर्ध्याच्या साहित्य संमेलनाहून परतताना धरले, त्यांच्याही घरची पुस्तके नेली. २०१४ साली गोंदियाच्या न्यायालयाने ते निर्दोष ठरविले. २०१८ साली त्यांना पुन्हा धरले आणि जामीन मिळाला तो २०२५ साली. त्याच वर्षी जुलैत राज्याच्या दोन्ही सभागृहांनी विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले.

तेव्हा आजोबांचे भय खोटे आहे असे मी म्हणत नाही. मी एवढेच विचारतो की, भयावर उपाय कोणता? पोलीस येण्यापूर्वी आपणच कपाट रिकामे करणे? वाचनालयाची दाखलनोंद वही नीट ठेवावी, प्रत्येक पुस्तकाची पावती ठेवावी, २०२३ च्या त्या निर्णयाची प्रत भिंतीवर लावावी. ज्या पुस्तकावर कायद्याने बंदी आहे ते ठेवू नये. बाकी सर्व ठेवावे. बंदी घालण्याचा अधिकार शासनासही कारणे दिल्यावाचून वापरता येत नाही; तो आपल्या चिटणिसास कोणी दिला?

राहिला टपरीवरील राजकारणाचा आरोप. येथे कायद्याची स्थिती नीट समजून घ्यावी, कारण ह्या विषयावर दोन्ही बाजूंनी बरेच अज्ञान आहे. सार्वजनिक ग्रंथालयांचा महाराष्ट्रातील कायदा १९६७ चा. त्याने शासन स्वतः गावोगाव ग्रंथालये चालवीत नाही. नोंदणी झालेल्या संस्थांच्या ग्रंथालयांस मान्यता व अनुदान देते. त्यामुळे असा ग्रंथपाल सरकारी नोकर नसतो. तो संस्थेचा, बहुधा तुटपुंज्या पगाराचा, नोकर असतो. सरकारी नोकरासही वाचा नसते असे नाही. कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य ह्या १९६२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नोकरीत शिरताना माणूस मूलभूत हक्क दाराबाहेर ठेवून येत नाही. निदर्शनांवरील सरसकट बंदी तेथे रद्द झाली, संपाचा हक्क मात्र मान्य झाला नाही. सरकारी नोकराने पक्षाच्या राजकारणात भाग घेऊ नये हा वर्तणूक नियम कायम आहे. २८ जुलै २०२५ च्या शासन निर्णयाने समाजमाध्यमांवर शासनाच्या धोरणावर टीका करण्यासही नोकरांना मनाई केली. तो निर्णय निघाला तेव्हा वस्तीतील नोकरदार तरुण किती संतापले होते! आमचे तोंड बांधले, असे म्हणत होते. त्यांतील दोघांच्या सह्या आज ग्रंथपालाविरुद्धच्या ठरावावर आहेत.

उलटपक्षी हेही सांगितले पाहिजे की, घटनेचे एकोणिसावे कलम शासनाविरुद्ध चालते, खाजगी संस्थेविरुद्ध सहसा नाही. मंडळाने ग्रंथपालास काढले तर केवळ त्या कलमाच्या आधारे तो उच्च न्यायालयात जिंकेल असे मी त्यास खोटे आश्वासन देणार नाही. तो हक्क निरंकुश नाही हेही आपणच मान्य केलेले आहे. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ साप्ताहिकाची मद्रास प्रांतातील बंदी १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने उठविली, त्यानंतर १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती आली व सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी बंधने घालता येतील असे ठरले. कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी त्या दुरुस्तीचे समर्थन केले. ही गोष्ट लपवून भाषणस्वातंत्र्याची व्याख्याने देणाऱ्यांपैकी मी नाही. परंतु त्याच दुरुस्तीने “वाजवी” हा शब्द एकोणिसाव्या कलमाच्या त्या पोटकलमात आला, आणि बंधन वाजवी आहे की नाही हे पाहण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. आपल्या मंडळाच्या ठरावात “वाजवी” कोठे आहे? ग्रंथपालास नोटीस नाही, त्याचे म्हणणे ऐकलेले नाही, कोणत्या तारखेस तो काय बोलला ह्याचा उल्लेख नाही. त्याने वाचनालयाच्या वेळात प्रचार केला, पत्रके वाटली, एका पक्षाची मासिके ठेवून दुसऱ्याची फेकून दिली, असे असते तर मी स्वतः त्याच्या विरुद्ध लिहिले असते. तसे काही नाही. त्याच्या टेबलावर मंडळाच्या अध्यक्षांच्या पक्षाचे पत्र रोज असते आणि ते सर्वांत वर असते, असे वाचक सांगतात.

ठरावात शेवटी सम्यक् वाणीचा हवाला दिला आहे. अष्टांगिक मार्गाचा एवढा सोयीस्कर उपयोग मी पूर्वी पाहिला नव्हता. खोटे बोलू नये, चहाडी करू नये, कठोर बोलू नये, निरर्थक बडबड करू नये, ही सम्यक् वाणी. ती ज्याने त्याने आपल्या जिभेला लावायची शिस्त आहे. ग्रंथपाल कठोर बोलला असेल. त्याचा स्वभाव तिखट आहे हे मीही ऐकले आहे. पण टपरीवर बोललेले चिटणिसांच्या कानी कोणी नेले, आणि ते नेणे ह्या चारांपैकी कशात बसते? शिवाय एप्रिलमध्ये वाचनालयाच्या खिडकीवर सकाळपासून रात्रीपर्यंत जो ध्वनिक्षेपक गर्जत असतो, त्यास निरर्थक बडबडीपासून वेगळे कसे करणार?

नवदीक्षितांनो, वीस जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालये काढण्याचा उल्लेख होता. १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, तेथे बाबासाहेबांचा ग्रंथपाल शां. शं. रेगे ह्यांच्याशी जो निकटचा संबंध होता तो रेग्यांच्या आठवणींतून सर्वश्रुत आहे. ग्रंथपालाची किंमत काय असते, हे आपल्या चळवळीस बाहेरच्याने शिकवावे लागू नये. आजही सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा खेड्यातला माणूस परत जाताना पोटाला चिमटा घेऊन पुस्तक नेतो. ते पुस्तक वाचून त्यास जो प्रश्न पडेल, तो विचारण्यास त्याच्या वस्तीत निर्भय ग्रंथपाल नसेल तर त्याने कोणाकडे जावे?

माझी सूचना साधी आहे आणि ती मंडळाच्या घटनेत एका दुरुस्तीने बसते. कोणत्याही पुस्तकाविषयी तक्रार असल्यास ती लेखी करावी. तक्रारदाराने पुस्तक स्वतः वाचले आहे असे त्यावर लिहून द्यावे व आक्षेपार्ह मजकुराचा पृष्ठांक द्यावा. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत पुस्तक कपाटातच राहावे. निकाल सर्वसाधारण सभेने द्यावा, चिटणिसाने नव्हे. ग्रंथपालाच्या वाचनालयाबाहेरील बोलण्याची दखल मंडळाने घेऊच नये. मात्र वाचनालयात तो पक्षपात करील तर नोटीस देऊन, त्याचे म्हणणे ऐकून, कारणे नोंदवून निर्णय करावा. आणि जयंतीच्या ध्वनिक्षेपकाची जागा बदलावी. वस्तीच्या दुसऱ्या टोकास मोकळी जागा पुष्कळ आहे.

सभा येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी विहारात आहे. ज्या कुटुंबांनी ह्या वर्षी दीक्षा घेऊन वाचनालयाचे सभासदत्व घेतले आहे त्यांना मत देता येणार नाही, अशी एक अफवा पसरविण्यात आली आहे. ती खोटी आहे. संस्थेच्या घटनेप्रमाणे वर्गणी भरलेल्या प्रत्येक सभासदास, मग तो जुना असो वा नवा, स्त्री असो वा पुरुष, एक मत आहे. पावती बरोबर आणावी.